कोळसुंदा आणि माझ्या दुकानातली पुडी

वाद सुरू झाला दिन्याच्या मोबाईलवरनं. चांदोलीच्या बाजूला पर्यटकांची जीप चालवणाऱ्या त्याच्या दोस्तानं एक व्हिडिओ पाठवला होता. धरणाच्या कडेला सांबराची मादी गळ्याइतक्या पाण्यात उभी आहे आणि काठावर सात-आठ तांबडी जनावरं, म्हणजे कोळसुंदे, आपले रानकुत्रे, येरझाऱ्या घालतायत. त्यातली दोन पाण्यात उतरली, मागनं भिडली, सांबर काठाकडं वळलं. पुढचं आण्णांनी बघितलंच नाही.

"बंद कर रं ते. जित्तं खात्यात लगा. वाघानं मारलं तर निदान एका झटक्यात मारतोय."

शिराळ्यात आमचा कट्टा म्हणजे एका बंद गोदामाची लांबलचक पायरी. ऊसतोडीचे दिवस होते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर टेप लावून जात होते आणि दर थोड्या वेळानं आमचं बोलणं त्या आवाजात बुडत होतं. आण्णा, दिन्या, निवृत्त झालेले मास्तर, आमचा गुरांचा डॉक्टर आणि मी. माझं खत-औषधांचं दुकान आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं त्याचा संबंध येणार आहे.

"ते कोळसुंदं," दिन्या म्हणाला. "लई दिसांनी एवढा मोठा कळप घावला. दोस्त जीप पार जवळ घिऊन गेलता."

"आणि मग?" डॉक्टरनं विचारलं.

"मग काय, गेली पळून. सांबर तिथंच टाकून."

डॉक्टर चिडला. म्हणाला, "म्हंजे त्यांची सकाळभराची मेहनत तुझ्या दोस्तानं वाया घालवली. सांबर तर मेलंच, आणि खायचं त्यांनी उपाशी राहायचं. पुढच्या वेळी त्याला सांग, लांब थांब, इंजिन बंद कर."

आण्णांना ते पटण्यासारखं नव्हतं. त्यांचं मूळ घर जंगलातलं. आता राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गेलेल्या गावातनं उठून ते खाली आले. त्यांच्या आजीनं सांगितलेलं त्यांच्या डोक्यात पक्कं आहे. "म्हातारी म्हणायची, कोळसुंदं शेपूट मुतात भिजवतंय आन् जनावराच्या डोळ्यात उडवतंय. जनावर आंधळं झालं की फाडतंय. असलं पापी जनावर वाचवायचं कशाला?"

डॉक्टर हसला नाही, हे मला आवडलं. तो म्हणाला, "आण्णा, ही गोष्ट लई ठिकाणी सांगतात. खरी न्हाय. त्याला तसली गरजच पडत न्हाय. त्याचं वजन किती? बारा ते वीस किलो. आपलं पाळलेलं कुत्रं भरतंय तेवढं. आणि समोर सांबर, दीडशे-दोनशे किलोचं. वाघासारखं नरडं धरायला त्याचा जबडा पुरत न्हाय. म्हणून दहा जणांनी मिळून मागनं, पोटाकडनं धरायचं. आपल्याला बघवत न्हाय, पण रक्त जाऊन, धक्का बसून जनावर लवकर मरतं. वाघाचा जबडा मोठा म्हणून तो राजा, आणि याचा लहान म्हणून हा पापी?"

मग त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती. शिकार पडली की कोळसुंद्यांच्यात आधी पिल्लं जेवतात. मोठे बाजूला उभे राहतात. कळपात साधारण एकच मादी विते, आणि बाकीचे सगळे, म्हणजे पिल्लांच्या मावश्या-काका म्हणा, पोटात मांस भरून आणतात आणि बिळापाशी येऊन ते ओकून तिला आणि पिल्लांना भरवतात. राखण करायला थांबलेल्यालाही वाटा मिळतो. आण्णा यावर काही बोलले नाहीत. तंबाखूची चंची काढून बसले.

"पण कुत्रंच की शेवटी," दिन्या म्हणाला. "पर्यटक तसंच म्हणत्यात. वाघ दिसंल का म्हणून पैसं भरत्यात, आन् कोळसुंदं दिसलं की म्हणत्यात, ही तर कुत्री हायती."

"कुत्रं न्हाय. कुत्र्याला बेचाळीस दात असतात, याला चाळीस. खालच्या जबड्यात मागच्या दाढा दोन-दोनच. आणि भुंकत न्हाय, शिट्टी मारतं. दाट रानात पांगलेला कळप शिट्टीवर एकत्र येतो. लांडगा, कोल्हा, आपलं कुत्रं ही एका घरातली भावंडं. हे त्यांचं लांबचं पाहुणं, आणि त्याच्या घरात ते एकटंच उरलंय."

इथं मास्तर बोलायला लागले. मास्तरांना मधेच कुणी तोडत नाही. त्यांचं म्हणणं असं की, कोळसुंद्याला पापी ठरवलं ते आण्णांच्या आजीनं एकटीनं नाही. साहेबाच्या राज्यात त्याला मारणाऱ्याला इनाम मिळायचं. साहेबाला सांबर-चितळ स्वतः मारायचं होतं, त्याला जंगलात वाटेकरी नको होता. इनाम द्यायची ती रीत स्वराज्य आल्यावरही चालूच राहिली, थेट १९७२ चा वन्यजीव कायदा येईपर्यंत. "म्हणजे माझ्या लहानपणी हे जनावर मारलं तर सरकार पैसे देत होतं, आणि आता मारलं तर तुरुंग आहे. माणसांच्या डोक्यातलं इतक्या लवकर बदलत नाही."

"कायद्याचं आमास्नी सांगू नका मास्तर," आण्णा एकदम तापले. "ह्योच कायदा. ह्याच कायद्यानं आमचा नाग न्हेला. पंचमीला जित्त्या नागाची पूजा करत आलो पिढ्यान् पिढ्या, कोर्टानं बंद केली. आमी काय नाग मारत हुतो? आमचं गाव उठवलं, आमचा नाग न्हेला, आता म्हणत्यात कोळसुंद्यावर माया करा. मायेला पण काय शीव असती का न्हाय?"

शिराळ्यात बसून हे वाक्य ऐकलं की उत्तर सुचत नाही. मला अजूनही सुचलेलं नाही. आण्णांचा राग खरा आहे आणि तो कोळसुंद्यावरचा नाही, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. मास्तर एवढंच म्हणाले, "नागावरचा राग त्याच्यावर नको काढू आण्णा. त्याला तर आपल्यासारखी पंचमीसुद्धा नाही."

त्यानंतर आकडे निघाले. मास्तरांच्या खिशातल्या वहीत ते लिहिलेले असतात. २०२२ च्या गणनेत भारतात ३,६८२ वाघ भरले. आणि सगळ्या जगात, म्हणजे भारत, नेपाळ, भूतान, थायलंडपासून जावा-सुमात्रापर्यंत धरून, वीण घालण्याजोगे कोळसुंदे ९४९ ते २,२१५. धोक्यातल्या जिवांच्या जागतिक लाल यादीत ते २००४ पासून संकटग्रस्त आहेत. पूर्वी रशियाच्या अल्ताई डोंगरापर्यंत होते, तिथनं गेले. जिथं होते त्यातल्या चौथाई मुलखातच आता उरलेत.

"असं कसं?" दिन्याला खरंच धक्का बसला. "वाघापरास कमी? मग टीव्हीवर कसं येत न्हाय?"

"कारण वाघाच्या अंगावर पट्टे असतात," डॉक्टर म्हणाला. "प्रत्येकाचे वेगळे. कॅमेऱ्यात फोटो आला की हा अमुक वाघ म्हणून मोजता येतो. कोळसुंदा सगळा एकसारखा तांबडा, शेपटीचा झुबका काळा. कुठला कुठला कसा ओळखणार? केरळात वायनाडला विष्ठा गोळा करून त्यातल्या डीएनएवरनं मोजले, तर शंभर चौरस किलोमीटरला बारा ते चौदा निघाले. पण तसं प्रत्येक जंगलात करायला पैसा आणि माणसं लागतात. ज्याची मोजदाद न्हाय, त्याची बातमी न्हाय."

मला इथं माझं मत घालायचं आहे. वाघावर माझा राग नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबाहून वाघीण आणून चांदोलीत सोडली तेव्हा शिराळ्यातल्या सगळ्यांइतकाच मीही खूश होतो. पण २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून इतकी वर्षं वाघ इथं येऊन-जाऊन असायचा. या काळात सांबराच्या, भेकराच्या मागं धावायचं काम कोण करत होतं? बिबट्या आणि कोळसुंदा. बिबट्या उसातही राहतो, कुत्री खाऊन पोट भरतो. कोळसुंद्याला ते जमत नाही. त्याला सलग रान लागतं, भक्ष्य लागतं, आणि एका रानातनं दुसऱ्या रानात जायची वाट लागते. आपल्याकडनं ती वाट आंबा, विशाळगड, राधानगरी, तिळारी करत खाली गोव्या-कर्नाटकाला मिळते. ती मधे कुठंही तुटली तर इकडचा कळप इकडंच अडकणार, आणि वाघ बाहेरनं आणता येतो तसं कोळसुंदे आणायला कुणी येणार नाही.

"बरं, ऱ्हाऊ द्या जंगलात," आण्णा जरा खाली आले होते. "पण माझा उपेग काय? डुकरं भुईमूग उकरून खात्यात, मका लोळवत्यात. रातभर माळ्यावर डबं बडवत बसायचं. ह्या तुमच्या कोळसुंद्यास्नी सांगा डुकरं खावा म्हणून."

डॉक्टरनं याला भूतानची गोष्ट सांगितली. तिथं १९७० ते ८० च्या दशकांत गुरं मारतात म्हणून सरकारनंच कोळसुंद्यांना विष घातलं. जवळजवळ संपवले. मग रानडुकरं इतकी वाढली की शेतकरी रडायला लागले. पुढं कोळसुंदे हळूहळू परत आले, आणि आता तिथं त्यांना संरक्षण आहे.

"पण आण्णा, खोटं सांगत न्हाय," तो पुढं म्हणाला. "तुमच्या उसात शिरलेलं डुक्कर हुसकायला कोळसुंदा येणार न्हाय. तो रानाबाहेर पडायला कचरतो. रानातली डुकरं, त्यांची पिल्लं तो खातो, म्हंजे रानातनं तुमच्याकडं येणारी कमी होतील. तुमच्या मक्यातली जिथल्या तिथंच राहतील."

हे सांगितलं नसतं तर वाद सोपा झाला असता. पण ते सांगितलं म्हणूनच पुढचं बोलणं झालं, असं मला वाटतं.

"आन् कालवड मारली तर?" आण्णा म्हणाले.

दिन्या म्हणाला, "भरपाई हाय की. यादीत रानकुत्रं हाय. वाघ, बिबट्या, लांडगा, तसंच हे."

"यादीत हाय," आण्णा म्हणाले, "खिशात न्हाय."

त्या वेळी मी बोललो. बारा-तेरा वर्षं जी गोष्ट कुणाला सांगितली नव्हती ती मी त्या पायरीवर सांगितली.

वरच्या बाजूच्या एका वाडीतला माणूस. नाव सांगत नाही, तो आता नाही. कोळसुंद्यांनी त्याची गाभण पाडी मारली. त्यानं ऐकलं होतं की कळवावं लागतं, पंचनामा होईपर्यंत मढं हलवायचं नाही. तो चालत, मग एसटीनं ऑफिसला गेला. साहेब नाहीत, उद्या या. उद्या गेला, तर म्हणे आज मीटिंग आहे. तिसऱ्या दिवसापर्यंत कोल्ह्या-कुत्र्यांनी पाडी फरपटली, वास सुटला, आणि मग कुणीतरी येऊन सांगून गेलं की कशानं मारली हे आता सांगता येणार नाही. चौथ्या दिवशी तो माझ्या दुकानात आला. म्हणाला, दाणेदार औषध द्या, उसाला हुमणी लागलीय.

त्याला ऊस नव्हता. त्याचं सगळं रान माझ्या माहितीचं. थोडं भात आणि वरकस जमिनीत नाचणी. हुमणीचे, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीचे, दिवसही नव्हते, ते पावसाळ्यात असतात. मला कळलं होतं. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं नाही, किलोची पुडी काढून दिली आणि पैसे घेतले.

आठवड्यानं एक गुराखी दुकानाच्या दारात उभा राहून सांगत होता. ओढ्याकाठी दोन कोळसुंदं मरून पडलीत, एक मुंगूस, कावळे, आणि वाडीतलंच एक कुत्रं. कोळसुंद्यातली एक मादी होती, थानं दुधानं भरलेली.

कट्ट्यावर कुणी काही बोललं नाही. ट्रॅक्टर गेला. डॉक्टरनं विचारलं, "महिना कुठला?"

"थंडीचा. पौष असंल."

"मग पिल्लं बिळात होती," तो म्हणाला. "त्याच दिवसांत वितात. कळपात ती एकटीच व्यालेली असणार. दुधावरची पिल्लं दुसरं कुणी जगवू शकत न्हाय." आणि मग त्यानं तो विषय सोडून दिला. त्यानं मला दोष दिला असता तर बरं वाटलं असतं.

मी आण्णांना एवढंच म्हणालो की, तो माणूस वाईट नव्हता. त्याला पहिल्या दिवशी कुणी येऊन पाडीचा पंचनामा करून दिला असता तर तो माझ्या दुकानात आलाच नसता. कोळसुंद्यांचा तो कळप त्या दोन दिवसांत मेला, ऑफिसच्या बाहेरच्या बाकावर. आणि अर्धा माझ्या गल्ल्यावर.

दिन्या म्हणाला, आता तसं नाही. घडलं की दोन दिवसांच्या आत कळवायचं, मोबाईलवर मढ्याचा, आजूबाजूच्या पावलांचा फोटो काढायचा, १९२६ ला फोन लावायचा, तो वन विभागाचा हेल्पलाइन नंबर आहे, आणि फोन केल्याची वेळ लिहून ठेवायची. गाडीत पर्यटक नसतील तर तो स्वतः जाऊन फोटो काढून देईल. हे त्यानं इतक्या मनापासून सांगितलं की मला त्याच्याबद्दल पहिल्यांदाच वाटलं, हा पोरगा फक्त गाडी चालवत नाही.

"विष एक झालं," डॉक्टर म्हणाला. "दुसरं आपण फुकट पुरवतो."

"काय?"

"कुत्री." आणि त्यानं माझ्याकडंच बघितलं, कारण त्याला माहीत होतं. आमच्या काळीला दर वर्षी सहा-सात पिल्लं व्हायची. दोन घरांना द्यायची आणि उरलेली पोत्यात घालून मणदूरच्या, म्हणजे जंगलाकडच्या वाटेला सोडून यायची. मारण्यापेक्षा बरं, असं आई म्हणायची. शिराळ्यात हे कितीतरी घरांनी केलंय. त्यातली जगतात ती रानाच्या कडेला टोळी करून फिरतात, भेकराची पाडसं धरतात, आणि आजार घेऊन जातात.

डॉक्टर या विषयावर थांबत नाही, आणि त्यानं थांबू नये. डिस्टेंपर. कुत्र्याच्या डोळ्या-नाकातनं घाण येते, मग पाय झटकायला लागतं, माना हलतात, आणि वाचत नाही. टान्झानियातल्या सेरेंगेटीत १९९४ मध्ये या रोगानं तिथल्या सिंहांतला साधारण तिसरा हिस्सा गेला. गीरच्या जंगलात २०१८ मध्ये वीसहून जास्त सिंह काही आठवड्यांत मेले, तेव्हाही हाच विषाणू सापडला. आपल्याकडं सोलापूरच्या नान्नजला, माळढोक अभयारण्याच्या भोवतीच्या गावांतल्या कुत्र्यांचं रक्त तपासलं, तर दहातल्या नऊंच्या अंगात डिस्टेंपर आणि पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांचा हगवणीचा रोग, येऊन गेल्याच्या खुणा होत्या.

"आता बघा," तो म्हणाला, "कोळसुंद्यांचा अख्खा कळप वाटांच्या तिकाटण्यावर एकाच ठिकाणी विष्ठा टाकतो. ती त्यांची खूण. येणारा-जाणारा प्रत्येक जण हुंगतो. पार्व्होचा विषाणू विष्ठेतनंच पसरतो. गावचं कुत्रं त्या वाटेनं एकदा जाऊन आलं तरी पुरं. आणि कळपात एकमेकांना भरवतात, चाटतात. जे त्यांचं चांगलं, तेच त्यांना मारतं. सिंह मेला की दिसतो. रानात मेलेला कोळसुंदा कुणाला दिसणार?"

"मग लस टोचा की," मास्तर म्हणाले.

"रेबीजची लोक टोचून घेतात, माणसाला चावायची भीती असते म्हणून. डिस्टेंपर-पार्व्होची कुणी विचारत न्हाय. आणि चार कुत्री टोचून भागत न्हाय. रानाला लागून असलेल्या वाडीतली बहुतेक सगळी धरली पाहिजेत, पुन्हा वर्षानं टोचली पाहिजेत, आणि माद्यांची ऑपरेशन केली पाहिजेत. न्हायतर नवीन पिल्लं येतात आणि सगळं पहिल्यापासनं."

इथं पुन्हा वाद पेटला. मास्तरांचं म्हणणं, हे सरकारनं करावं, व्याघ्र प्रकल्पाला पैसा येतो तो कशाला? दिन्या म्हणाला, सफारीच्या पैशातनं काढा, पर्यटक देतील. डॉक्टर म्हणाला, ठराव होईपर्यंत दोन पावसाळे जातील, माझा फ्रीज आजही चालू आहे. मास्तर त्यावर चिडले, कारण त्यांना वाटलं आपण काम टाळतोय असा अर्थ निघतोय. तसा तो निघत नव्हता. मास्तरांचं बरोबरच आहे, हे काम एका डॉक्टरचं नाही. पण माझं मत डॉक्टरच्या बाजूनं पडलं. एका वाडीतली वीस-पंचवीस कुत्री म्हणजे एका रविवारचं काम, आणि त्या लसीचे पैसे मी देतो असं मी सांगितलं. त्या पुडीचे पैसे मी कधी मोजले नाहीत, पण ते माझ्याकडं आहेत.

आण्णा मघापासनं गप्प होते. त्यांनी चंची बांधली, उठले, गाडीला किक मारली आणि बंद केली.

"जित्तं खात्यात ते मला पटणार न्हाय, आधीच सांगतो."

"बरं," डॉक्टर म्हणाला.

"आन् नागाचं मी इसरणार न्हाय."

"विसरू नका."

"माझ्याकडं तीन हायती. दोन गरीब हायत. तिसरं माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत न्हाय, मालकिणीला सुद्धा चावलंय." त्यांनी पुन्हा किक मारली. "रविवारी सकाळी लवकर या. ऊन झालं की ते उसात पळतंय, मग घावत न्हाय."